सोंड आहे, तोंड नाही

मी एक जुनी सोंड आहे. हत्तीची नव्हे. मित्रांनो, मी वास मोजण्याचे यंत्र आहे. नाकावर बसेल अशी एक वाटी, तिला जोडलेली जाड नळी आणि नळीच्या दोन अंगांना कोळशाने भरलेल्या दोन डब्या, टोकाला एक फिरती चकती, असे माझे रूप. कचेरीतल्या शिपायाने पहिल्याच दिवशी मला 'सोंड' म्हटले आणि तेच नाव पडले.

एका लहान कार्यशाळेत एका बाईंनी माझ्या चकतीला भोके पाडली. प्रत्येक भोक त्या उजेडासमोर धरून पाहत. शेवटी म्हणाल्या, "हिच्यात खोट नाही. आता खोट निघाली तर वापरणाऱ्याची." तेव्हापासून मी वापरणाऱ्याकडे जरा बारकाईनेच पाहते.

माझे काम सोपे आहे. डब्यांतल्या कोळशातून जी हवा येते ती स्वच्छ होते. चकतीच्या भोकातून येते ती बाहेरची, जशी असेल तशी. आधी नुसती स्वच्छ हवा हुंगून नाकाला विसावा द्यायचा. मग सगळ्यांत लहान भोक उघडायचे, मग त्याहून मोठे. ज्या भोकाला नाक म्हणते 'आला', तिथे थांबायचे. लहान भोकातूनच कळला तर तो वास फार उग्र. असा वास वस्तीत सापडला की कारखान्याचे काम थांबवायचे, असा नियम होता. नियम चांगला होता. पण नियमाला नाक नसते. ते माणसाचेच लावावे लागते.

माझे पहिले तपासनीस सज्जन गृहस्थ होते. सगळ्यांवर विश्वास ठेवायचे. त्यांच्याबरोबर मी एका कारखान्यात जाऊ लागले. तिथे हाडे आणि माशांचे टाकाऊ भाग मोठ्या हंड्यांत उकळून खत करत. शेजारी शहराचा कचरा टाकायचे मैदान आणि दुसऱ्या बाजूला, मध्ये एक रस्ता सोडून, वस्ती.

कारखान्याचा मॅनेजर फार गोड बोलायचा. फाटकातच हात जोडून उभा. "या साहेब, या! आधी चहा. वास काय, कुठे पळून जातोय का?"

आणि साहेब बसत. हंड्यांच्या भिंतीला लागूनच असलेल्या त्या खोलीत चहा होई, बिस्किटे होत, गप्पा होत. मित्रांनो, ज्या खोलीत आपण बसतो तिचा वास थोड्या वेळाने आपल्याला कळेनासा होतो. नाक थकते. मग ते थकलेले नाक माझ्या वाटीत बसे, एकेक भोक उघडले जाई आणि साहेब म्हणत, "काही विशेष नाही."

पहिल्यांदा मला वाटले, आदरातिथ्य आहे. पुढच्या वेळीही आधी चहा झाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

एकदा मॅनेजर म्हणाला, "साहेब, एवढी नाजूक वस्तू गाडीत आदळत कशाला नेता? इथेच ठेवा माझ्या कपाटात. किल्ली तुमच्याकडेच."

साहेबांना बरे वाटले. किल्ली त्यांच्या खिशात गेली आणि मी कपाटात. किल्लीचे कौतुक कशाला, मित्रांनो? मला हात लावायची कुणाला गरजच नव्हती. त्या खोलीतला वास दिवसरात्र माझ्या कोळशात मुरत होता. माझी स्वच्छ हवा स्वच्छ राहिलीच नाही. तिच्यापुढे बाहेरची घाण वेगळी कशी कळणार?

कपाटातून मला सगळे ऐकू यायचे. हंड्यांची वाफ पाण्याने धुऊन मगच धुराड्यातून सोडायची असते. त्या पाण्याचा पंप बहुतेक वेळा बंद असे.

"साहेब परवा येतायत," मॅनेजर मुकादमाला सांगे. "पंप परवा सकाळी सुरू करा."

"आणि आज?"

"आज कोण येणार हुंगायला? शिंपी?"

दोघेही हसत. मला सोंड आहे, तोंड नाही. मी काय करणार?

हा शिंपी रस्त्यापलीकडच्या वस्तीत राहत होता. दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई यंत्र, मागच्या खोलीत खिडकीपाशी त्याच्या बायकोची खाट. तिला दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितले होते, खिडकी उघडी ठेवा, मोकळी हवा लागू द्या. आणि खिडकी तर कारखान्याकडे. शिंप्याने उरलेल्या कापडाच्या लांब वळकट्या शिवून खिडकीच्या फटींत ठासून भरल्या होत्या. खोलीत वास आला की बायकोला उलट्या होत, आणि नाही आला तरी हवाच नसे.

तो पुन्हापुन्हा तक्रार घेऊन येई. मुकादमाने त्याचे नाव 'नाकाडे' ठेवले होते. साहेब त्याला समजावत, "शिंपीकाका, मी स्वतः तपासलंय. यंत्र खोटं बोलत नाही." तेव्हा मला फार लाज वाटे. माझ्या नावावर कुणीतरी खोटे खपवत होते.

मग साहेबांची बदली झाली आणि एक बाई आल्या. आधीच्यांइतक्या हसऱ्या नव्हत्या. फाटकात मॅनेजर म्हणाला, "या मॅडम, आधी चहा."

"नको. नाक कामाचं आहे."

"अहो, एक घोट."

"इतका आग्रह का करताय?"

मॅनेजरचे हसू तिथेच अडकले. बाईंनी कपाट उघडून मला काढले, कोळशाची डबी उघडून हुंगली आणि झटकन मान मागे घेतली. "हिला इथे ठेवायची कल्पना कुणाची?" त्याच दिवशी मी त्या कपाटातून सुटले. माझा कोळसा बदलला.

पुढे वारा वस्तीकडे वाहू लागल्यावर एका सकाळी बाई कुणालाही न कळवता थेट शिंप्याच्या दारात उभ्या राहिल्या. बरोबर गाडीचा चालक होता, कारण दोन नाकांची साक्ष लागते. शिंपी आनंदला. पण बाईंनी आधी त्याचीच मोरी पाहिली, मग मागचे गटार, मग खाटेखाली वाकून पाहिले.

शिंपी भडकला. "म्हणजे मी खोटारडा? इतकी वर्षं त्या लोकांनी चोर ठरवलं, आता तुम्ही माझं घर हुंगताय?"

खाटेवरून त्याची बायको म्हणाली, "अहो, बघू द्या की त्यांना. शंका घेणारी आली तेच बरं झालं. आजवर नुसते विश्वास ठेवणारेच येत होते."

हे बोलतानाही तिला दोनदा थांबावे लागले.

बाईंनी खिडकीतल्या वळकट्या काढल्या. मला नाकाला लावले आणि शांतपणे स्वच्छ हवा हुंगत बसल्या. मग सगळ्यांत लहान भोक उघडले.

"आला," त्या लगेच म्हणाल्या.

मग चालकाने मला लावले आणि तोही खोकला. "आला हो बाई. पुढचं भोक राहू द्या, एवढ्यातच पोट भरलं."

मॅनेजर धावत आला. "वास कचऱ्याच्या मैदानाचा आहे मॅडम! आम्हाला उगाच..." बाईंनी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही. कचऱ्याचे मैदान आणि कारखाना यांच्या मधल्या वाटेवर त्या मला घेऊन गेल्या. वारा तेव्हा मैदानावरून येत होता. तिथे बऱ्याच मोठ्या भोकापर्यंत काही कळले नाही. कारखाना ओलांडून पलीकडे गेलो आणि पहिल्याच भोकाने सांगून टाकले. त्या दिवशी पंप बंद होता, हेही त्यांनी हात लावून पाहिले.

हंडे थांबले. पंप सतत चालेल, त्याची तपासणी कधीही होईल, या अटीवरच ते पुन्हा पेटले.

काही आठवड्यांनी बाई मला घेऊन शिंप्याकडे फेरतपासणीला गेल्या. खिडकी उघडी होती. सगळ्यांत मोठे भोक उघडले तेव्हा कुठे जरासा वास कळला. शिंप्याची बायको फार वाळली होती. डोळे तेवढे टवटवीत होते.

बाईंनी विचारले, "काकू, तुम्हाला कसला वास येतोय?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. "इस्त्रीचा. ओल्या कापडावर फिरवतात ना, तसा. लग्न होऊन आले तेव्हा घरात हाच वास असायचा."

मी सवयीने शंका घेतली. पुढच्या खोलीत इस्त्री थंड, उभी होती. सकाळपासून कुणी तिला हात लावलेला नव्हता. बाईंनी पाहिले. शिंप्यानेही पाहिले. तिला खरोखर वास आला होता, की नवऱ्याची इतक्या वर्षांची धडपड फुकट गेली असे त्याला वाटू नये म्हणून ती तसे म्हणाली? मी वासाचे यंत्र असूनही मला ते आजपर्यंत मोजता आलेले नाही.

शिंपी उठला, इस्त्री तापत ठेवली, एक सदरा पाण्यात बुडवून पिळला आणि हळूहळू इस्त्री फिरवू लागला. वाफ मागच्या खोलीत आली. ती डोळे मिटून पडून राहिली.

त्यानंतर गेलो तेव्हा खाट उचललेली होती. खिडकी उघडी होती. शिंपी आता त्याच खिडकीपाशी यंत्र लावून शिवतो.

आता खांबांवर बसवायची नवी यंत्रे आली आहेत. मी कचेरीच्या फडताळात धूळ खात असते. कधी शाळेतली मुले येतात, मला नाकाला लावून हत्ती होतात आणि हसतात. मला बरे वाटते. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. नव्या यंत्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती कुठे ठेवली आहेत, त्यांची निगा कोण राखतो, हे विचारा. माझ्यावरही ठेवू नका. आधी माझा कोळसा हुंगा. आणि भर उन्हाळ्यात एखाद्या घराची खिडकी बंद दिसली, तर तसेच पुढे जाऊ नका. दार वाजवा, आणि आतल्या माणसाला विचारा.