पहिलं चाक महिन्याचं

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ, पितळी पोट आणि पोटात रबरी आकड्यांची फिरती चाकं. म्हातारपणी राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही, आणि तो आज मी तुमच्यापुढे बोलून टाकणार आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे तारीख लिहिताना आधी महिना घालतात, मग दिवस. म्हणून कारागिराने माझं पहिलं चाक महिन्याचं केलं आणि दुसरं दिवसाचं. खर्ड्याजवळच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात काम करायला आलेल्या डॉक्टरबाईंनी मला ट्रंकेत घालून इकडे आणलं. इथे दिवस आधी लिहितात हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. बाळ जन्मलं की त्याच्या दाखल्यावर त्या मला उठवायच्या. जांभळा, ठसठशीत ठसा! "बाईंचा शिक्का लई देखणा हाय," असं बाया म्हणायच्या आणि मी फुगून जायचो.

पंचावन्न साली उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळी मंडळी उपासनेला बसलेली असताना, रतनबाईला मुलगी झाली. तिचं नाव दया. एप्रिलची आठ तारीख होती. माझ्या रीतीने मी अगदी बरोबर उठलो, ४-८-५५. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ते आकडे इथल्या रीतीने वाचले आणि चार ऑगस्ट लिहून मोकळे झाले. घरी कुणाला पत्ताच नाही, कारण दयाचा वाढदिवस तारखेने कधी झालाच नव्हता. उत्तम शुक्रवार आला की रतनबाई म्हणायची, "आज माझी दया झाली." तो शुक्रवार दरसाल वेगळ्या तारखेला येतो, याच्याशी त्या माउलीला काय करायचं होतं?

दयाला नर्स व्हायचं होतं. लहानपणापासून ती दवाखान्यात पट्ट्या धुवायला येत असे आणि जखम बघून तोंड फिरवत नसे. बहात्तर साली तिने नगरला नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला. एक जुलैला सतरा वर्षं पूर्ण हवीत, अशी अट होती. तिथल्या सूर्यभान नावाच्या कारकुनाने कागद परत केले. म्हणे, महिनाभराने वय कमी पडतं! पाऊस दडी मारून बसला होता. ही जागा हुकली, तर दयाला आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं.

बाई तोवर अमेरिकेला परतल्या होत्या; रतनबाई तडक दवाखान्यात आली आणि कंपाउंडरवर कडाडली, "शलमोनभाऊ, उत्तम शुक्रवार ऑगस्टात कवापासनं यायला लागला?"

शलमोनने जन्माचा दाखला पाहिला. मग दयाने मला हातात घेऊन एकेक चाक फिरवून पाहिलं. घोळ तिच्या ध्यानात आला. मला रुमालात बांधून तिघंही एस.टी.ने नगरला गेली.

दयाने मला सूर्यभानच्या टेबलावर ठेवलं. "सायेब, ह्ये पैलं चाक फिरवून बघा. बाराच्या फुडं जात न्हाई. दुसरं एकतीसवर जातंय. म्हंजी पैला आकडा महिन्याचा हाय. मी एप्रिलातली हाय."

सूर्यभानने चाक फिरवलं. बारा झाले की पुन्हा एक. त्याने परत फिरवलं. त्याला कळलं होतं, मित्रांनो! माझ्यावरची त्याची बोटं अडखळली, ते मला जाणवलं. तरी तो म्हणाला, "शिक्का दाखवून वय ठरत नाही. शाळेचा दाखला दुरुस्त करून आणा."

"कवापर्यंत?"

"आज शेवटचा दिवस. आता पुढच्या वर्षी या."

असा संताप आला मला! दया तेरा तारखेला जन्मली असती, तर गुरुजीही थबकले असते, कारण तेरावा महिना कुणाच्याच कॅलेंडरात नाही. आठ तारखेला जन्मली, हा काय तिचा गुन्हा? बाईंनी विचारलं नाही, गुरुजींनी विचारलं नाही, आणि ज्याला सगळं समजलं त्याने खुर्चीतून उठून चार पावलं वरिष्ठांकडे जाण्याचा त्रास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चांगुणाला मुलगी झाली. शलमोनने मला शाईच्या गादीवर टेकवलं, तोच दयाने त्याचा हात धरला. ती खडीच्या कामावर निघाली होती, काखेत टोपलं होतं.

"मामा, ह्यो शिक्का नगं. महिना अक्षरात लिवा. माझं वरीस गेलं, हिचं जायाला नगं."

शलमोनने मला बाजूला ठेवलं आणि दाखल्यावर मोठ्या अक्षरात 'जुलै' लिहिलं. तेव्हापासून मी कपाटात पडून आहे. रबर चिरलं, शाई वाळली. दयावर माझा राग नाही, ती बरोबरच बोलली. पुढच्या वर्षी ती नगरला गेली आणि नर्सही झाली, पण गेलेल्या वर्षाबद्दल तिची माफी कुणी मागितली नाही.

मित्रांनो, तारीख लिहाल तेव्हा महिना अक्षरात लिहा. दुसऱ्याने लिहिलेली वाचाल, तेव्हा शंका आली तर विचारा. दोन अक्षरं जास्त लिहून कुणाचे हात झिजत नाहीत. ती कुणी लिहिली नाहीत, म्हणून दयाचे हात वर्षभर खडीने सोलून निघाले.