लग्नाच्या सकाळी पाणगवतात

रॉयसचा रात्रभर डोळा लागला नव्हता. आदल्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर डेलिया स्वयंपाकघरात आली, फ्रीजला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "डॅडी, उद्या मी नाही म्हटलं तर?"

तो ग्लास विसळत होता. विसळता विसळताच म्हणाला, "दमलीयेस बाळा. जा, झोप."

ती गेली झोपायला. हा मात्र या कुशीवरून त्या कुशीवर. नाही म्हणजे कशाला नाही? लग्नाला, की कोल्बीला? शेजारी बायको, लव्हॉन, गाढ झोपली होती. तिला उठवून सांगावं तर घर डोक्यावर घेईल. न सांगावं तर झोप काही येईना.

फटफटायला लागलं तसा तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. लग्न अकराला होतं. तोवर पाण्यावर हातांना काही चाळा तरी मिळेल. अलाबामातल्या त्या तलावाच्या काठीच त्याचा जन्म गेला होता. मन थाऱ्यावर नसलं की तो मासेमारीला नाव काढायचा. धक्क्यावर येऊन बघतो तर नावेत डेलिया बसलेली. केसांत रोलर, अंगात त्याचंच जुनं जाकीट.

"तुम्ही येणार हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "चला लवकर. मम्मा उठायच्या आत."

ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे पाणी जेमतेम मांडीभर, आणि वर पाणगवताची अशी जाड साय की बगळे तिच्यावरून चालत जातात. रॉयसने मोटर बंद केली आणि दोघांनी आपापल्या गळकाठीच्या दोऱ्याला आमिष म्हणून रबरी बेडूक बांधला. या बेडकाचे गळ वर वळून पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो गवतात अडकत नाही. लांब फेकायचा, दोन उड्या मारायला लावायच्या, थांबवायचा. खाली सावलीत दबा धरलेला बास मासा गवत फाडून वर उसळतो. त्या धडाक्याला दचकून लगेच ओढलं की संपलं. दोऱ्याला वजन लागेपर्यंत कळ काढावी लागते. हे सगळं डेलियाला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं.

पहिलाच मासा त्याच्या बेडकावर उसळला आणि रॉयसने असा हिसका दिला की बेडूक त्याच्याच कानाजवळून सणसणत मागे गेला.

"डॅडी, घाई कसली? लग्न माझं आहे."

दुसऱ्यांदाही तेच झालं. मग त्याने गाठ सोडून पुन्हा बांधली, गळांचा डबा उघडला, मिटला, घड्याळ पाहिलं. शेवटी राहवलं नाही.

"कोल्बीने काही केलंय का?"

"नाही."

"हात उगारला?"

"डॅडी, त्याला कुत्र्यावर धड ओरडता येत नाही."

"मग दुसरं कुणी आहे?"

"कुणी नाही."

"मग झालंय तरी काय?"

डेलियाने बेडूक फेकला. तो हलक्या झटक्यांनी नाचवत म्हणाली, "परवा त्याने घर दाखवलं. त्याच्या आईच्या घरामागचं. पडदेसुद्धा लावून झाले होते. पिवळे."

"पिवळे वाईट दिसतात?"

"छान दिसतात. सगळं छानच असतं. फक्त मला कुणी विचारलेलं नसतं. मोबिल शहरातल्या शाळेत मला नोकरी मिळतेय, हे मी त्याला कितीदा सांगितलं. प्रत्येक वेळी हो हो, बघू. आणि काल कळलं, त्याने माझ्यासाठी इथल्या शाळेत शब्द टाकून ठेवलाय."

रॉयस रीलची मूठ उगाचच फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

ती वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"महिन्यापूर्वी बोलला तो. मला बरं वाटलं. म्हटलं, पोर जवळ राहील."

तिने पाठ फिरवली, बेडूक ओढून घेतला आणि पुन्हा फेकला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. खिशात फोन थरथरला; लव्हॉन. त्याने तसाच थरथरू दिला.

एवढ्यात तिच्या बेडकाखाली गवत फुटलं. रॉयस उठून उभा राहिला, नाव डुचमळली. "ओढ, ओढ ना," तो म्हणत होता. ती हलली नाही. दोरा हळूहळू बाजूला सरकला, तेव्हा कुठे तिने कमरेतून वळून खेचलं. मासा गवतात शिरून बसला. रॉयसने पालथं पडून कोपरापर्यंत हात घातले आणि भाराभर गवतासकट त्याला नावेत घेतला. चांगला मांडीएवढा बास होता. तिने गळ काढला, त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडून दिला.

"फोटो तरी काढायचा."

"मम्माला पुरावा कशाला?" तिने जाकिटाला हात पुसले. "मला पलीकडे न्या. कोल्बीच्या धक्क्याला. चर्चमध्ये सगळ्यांसमोर नाही सांगायचं मला."

"काय सांगणार आहेस?"

"आधी त्याला सांगते."

मोटर सुरू होईना. पात्याला गवत गुंडाळलं होतं. ते घाईघाईने उपसताना रॉयसची बोटं कापली, तरी काम भरभर होईना. डेलिया पलीकडच्या काठाकडे बघत बसली होती.

कोल्बी पायरीवर बसून काळ्या बुटांना पॉलिश करत होता. तिला पाहून हसला, मग हसू मावळलं. डेलिया चढून वर गेली. रॉयस नावेतच थांबला. ऐकू काही येत नव्हतं. हात रिकामे राहवेनात म्हणून त्याने काठालगतच्या गवतावर बेडूक फेकला, पण नजर पायरीवर. कोल्बीने बूट खाली ठेवला. डेलिया त्याच्या शेजारी बसली. खाली पाण्यात धडाका झाला, दोरा ताणला, पुन्हा सैल पडला. रॉयसला पत्ताच नाही. कोल्बीने दोन्ही तळव्यांत तोंड घातलं. बऱ्याच वेळाने मान डोलावली.

मग दोघं खाली आली. कोल्बीने नावेची दोरी सोडली, पण हातातच धरून ठेवली. डोळे लाल होते.

"मिस्टर रॉयस, मला वाटत होतं मी तिची सोय करतोय."

"मलाही तसंच वाटत होतं, पोरा."

त्याने दोरी नावेत टाकली आणि पायाने नाव ढकलून दिली.

थोडं दूर गेल्यावर रॉयसने विचारलं, "काय ठरलं?"

"आज नाही."

"म्हणजे पुढे कधीतरी?"

"आज नाही, एवढंच ठरलंय, डॅडी."

आणखी दहा प्रश्न त्याच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले आणि मोटरचा वेग वाढवला. तलावाच्या मध्यावर पुन्हा फोन थरथरला. या वेळी त्याने घेतला.

"कुठे आहात दोघं? केस करायला बाई येऊन बसलीय इथे."

"लव्हॉन, ऐक..." तो अडखळला. डेलियाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"मम्मा, आज लग्न नाही होणार. कोल्बीला मी सांगितलंय. त्याचा काही दोष नाही."

रॉयस ऐकायला फोनकडे वाकला. मग लव्हॉनचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"आधी घरी ये. पाद्रीबाबांना मी कळवते."

तेव्हा कुठे डेलिया रडली, तोंड जाकिटाच्या कॉलरमध्ये खुपसून. रॉयसने वेग कमी केला. तिला घाईने किनाऱ्याला न्यावं की इथेच जरा फिरत राहावं, हे त्याला ठरवता येईना. समोर घराच्या दारात पाहुण्यांची एकेक गाडी येऊन लागत होती. त्याने सुकाणू थोडं डावीकडे घेतलं, पुन्हा उजवीकडे.

"सरळ चला, डॅडी," डेलिया म्हणाली.