साठ मैल

स्तामातिसने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पलीकडे मालवाहू जहाजाचा कप्तान ओरडतच होता.

"चाच्यांच्या दोन होड्या मागे लागल्यात! शिड्या आहेत त्यांच्याकडे, बंदुका आहेत! कुणी आहे का जवळपास?"

एडनच्या आखातात दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. स्तामातिसची ग्रीक युद्धनौका त्या जहाजापासून तीस मैलांवर होती आणि पूर्ण वेगाने निघाली तरी तिला तासभर लागणार होता. तिचं हेलिकॉप्टर कालपासून दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं. पलीकडच्या बाजूला, साठ मैलांवर, तुर्की युद्धनौका होती. दोन्ही देश एकाच लष्करी तहातले मित्र. पण त्या तहाची हद्द केव्हाच मागे राहिली होती, आणि मैत्री तरी कुठे फार पुढे गेली होती!

रेडिओवर तुर्की आवाज आला.

"आमचं हेलिकॉप्टर जाऊ शकतं. परत यायला इंधन पुरणार नाही. तुमच्या डेकवर उतरू द्याल का?"

स्तामातिस चमकून पुढे झुकला. हा आवाज तो ओळखत होता. एजियन समुद्रात सहा वर्षं रोज दोघांनी एकमेकांना तेच ऐकवलं होतं: 'तुम्ही आमच्या हद्दीत आहात, मागे फिरा.'

त्याने कप्तान लाम्ब्रिनोसना निरोप सांगितला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तुर्की हेलिकॉप्टर फक्त दुर्बिणीतून पाहिलं होतं.

"आपल्या डेकवर?"

"हो, सर."

"अथेन्सला विचार."

विचारून झालं. अथेन्सहून उत्तर येईना. रेडिओच्या कर्ण्यातून मधूनमधून मालवाहू जहाजाचा भोंगा आणि माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग एकदा गोळ्यांचा आवाज आला. लाम्ब्रिनोसनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. दोन चाळीस झाले होते.

"त्यांना हो म्हणून सांग," ते म्हणाले. "अथेन्सचं मी बघतो." आणि ते डेकवरच्या माणसांना सूचना द्यायला फोनकडे वळले.

स्तामातिसने कळवलं. पलीकडे क्षणभर खरखर.

"आभार. हेलिकॉप्टर सव्वादोनलाच निघालंय."

"काय? आणि आम्ही नाही म्हटलं असतं तर? आत माणसं आहेत ना?"

"तीन. पण तुम्ही नाही म्हणणार नाही, असं मी आमच्या कप्तानांना सांगितलं."

"कशावरून?"

"चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आमच्या कोळ्यांची एक होडी उलटली होती. कुठे ते तुम्हीच कळवलंत. आधी आम्हाला मागे फिरायचा इशारा दिलात, मग कळवलंत."

"इशारा द्यावाच लागतो हो."

"हो ना. आम्हीही देतो." आवाजात हसू होतं. "जेव्हदेत म्हणतात मला."

"स्तामातिस."

तेवढ्यात मालवाहू जहाजाचा कप्तान मध्येच घुसला. तो आता रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. "आलं! हेलिकॉप्टर आलं! पळाले, दोन्ही होड्या वळल्या! माझी सगळी माणसं धडधाकट आहेत!"

फोन ठेवून लाम्ब्रिनोस मागे येऊन उभे राहिले. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन सेहेचाळीस.

"स्तामातिस, ते उडालं कधी?"

स्तामातिसने नोंदवही पुढे ओढली. पेन हातात घेतलं, पण टोक कागदावर टेकवलं नाही.

"तुमची परवानगी मिळाल्यावर, सर."

"सहा मिनिटांत साठ मैल?"

"वारा पाठीमागून आहे, सर."

लाम्ब्रिनोस खिडकीपाशी गेले. बाहेर समुद्र तव्यासारखा सपाट पडला होता. नजर जाईल तिथवर एक लाट नव्हती. बराच वेळ ते तो न्याहाळत राहिले.

"खरंच," ते म्हणाले, "फार जोराचा आहे. लिही तसं. आणि डेकवर गार पाणी पाठवायला सांग, तीन माणसांचं."