मुकी पट्टी

वासंतीबाईंनी चर्चमधल्या पायपेटीवरची चादर काढली, घडी केली आणि पुन्हा पसरून घातली. आज वाजवायचं नव्हतं, पण तीस वर्षांची रविवारची सवय. मग त्या कळत्या वयात प्रथमच उपासनेला जमलेल्या मंडळीत, तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

समोर शुभंकरने नवा कीबोर्ड मांडला होता. हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणारा हा मुलगा वाजवायचीही तसदी घेणार नव्हता. स्वरलिपीच्या पुस्तकावरून सगळी गीतं त्याने घरीच यंत्रात भरून आणली होती. आता बटण दाबायचं आणि हाताची घडी घालायची. पाळकसाहेबांना हे फार आधुनिक वाटलं. त्यांच्या अकलेबद्दल बाईंना कधीच फारशी आशा नव्हती.

"बाई, आता तुम्ही आराम करा," शुभंकर म्हणाला.

"तू करतोच आहेस."

मंडळीबद्दल तर बोलायलाच नको. नवव्या वर्षी हिंदुरावमास्तरांच्या गायकवृंदात उभ्या राहिल्यापासून बाई बघत होत्या, निम्मे जांभया देत, निम्म्यांचं लक्ष घरच्या मटणाकडे. मास्तरांनंतर पेटी बाईंकडे आली आणि महिन्याभरात एक पट्टी मुकी झाली. दुरुस्तीचा अर्ज कपाटात गेला तो गेलाच. तेव्हापासून तो स्वर आला की बाई त्याच्या खालचा घ्यायच्या. तीस वर्षं दर रविवारी चुकीचं वाजवलं, आणि एकानेही विचारलं नाही. आपण भिंतींसाठी वाजवलं, हे त्यांना फार लागलं होतं.

बटण दाबलं गेलं. मंडळी उठली, बाई बसूनच राहिल्या. तिसऱ्या ओळीत यंत्राने अचूक स्वर घेतला, आणि मागच्या बाकावरच्या सरुबाईच्या फाटक्या आवाजापासून पाळकसाहेबांपर्यंत सगळी मंडळी बिनदिक्कत खालच्या स्वरावर उतरली. शुभंकरने घाईघाईने पुस्तक उघडलं. दुसऱ्या कडव्यालाही तेच झालं. तिसऱ्याला त्याने यंत्र बंद केलं, तर कुणाला पत्ताही लागला नाही. मंडळी गातच राहिली.

तो वाकून तिसऱ्या बाकाशी आला.

"बाई, मी पुस्तकाबरहुकूम भरलंय. हे सगळे असं का गातायत?"

"बेसुरे आहेत मेले," बाई म्हणाल्या. चष्मा पुसायला त्यांना जरा वेळ लागला. मग चौथं कडवं सुरू झालं तशा त्या बाकाला धरून उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या ओळीत सगळ्यांबरोबर खालच्या स्वरावर उतरल्या.