जिवाणी कुठं सोडायची?

दीपालीचं कॉलेज मसाल्याच्या डब्याला टेकून उभं असायचं. म्हणजे मोबाईल असायचा. पण दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेपाचला त्यात साताऱ्याच्या भार्गवी मॅडम यायच्या, म्हणून तिचा नवरा पारस त्याला कॉलेजच म्हणायचा. “तुज्या कालीजावर फोडणी उडाली बघ,” असं तो म्हणाला की दीपाली पदरानं स्क्रीन पुसायची आणि एका कानात मॅडम, दुसऱ्या कानात कुकरची शिट्टी घेऊन भाकरी थापत राहायची. कॅमेरा अर्थातच बंद.

बारावीनंतर लग्न झालं, कवठे महांकाळ तालुक्यातल्या द्राक्षबागेत तेरा वर्षं गेली, आणि बत्तिसाव्या वर्षी तिनं हट्टानं बीएच्या पहिल्या वर्षाला ऑनलाइन नाव घातलं. त्यात ‘लेखन परिचय’ हा विषय सक्तीचा होता. हा तर डाव्या हातचा मळ, असं तिला वाटलं. शाळेत निबंधाची बक्षिसं तिनं कमी का मिळवली होती? तिनं झोकात ‘पाण्याचे महत्त्व’ लिहून पाठवलं आणि मॅडमनी तितक्याच झोकात ते परत केलं. खाली शेरा होता: “भाषा नेटकी आहे, पण यात तुम्ही कुठेच दिसत नाही. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा एक प्रश्न आपल्याच घरात शोधा आणि त्याच्या मागे जा.”

दीपालीला आधी राग आला. ज्या घरातला हळदीचा डबा ती डोळे मिटून काढू शकते, त्या घरात न कळलेलं काय असणार? पण शेरा डोक्यातून जाईना. कपडे वाळत घालताना, बागेत काड्या मोजताना, ती आपल्याच घराकडे पाहुणी आल्यासारखी बघू लागली. आणि तिसऱ्या दिवशी तिला प्रश्न सापडला, तोही रोज तीनदा तिच्या डोळ्यांसमोरून जाणारा.

या जैन घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पीत नसे. गाळून झालं की ते फडकं उलटं करायचं, गाळलेल्या पाण्यानंच तांब्यात खळबळायचं, आणि ते खळबळलेलं पाणी ज्या आडाचं, त्याच आडात सोडायचं. डोळ्यांना न दिसणारे जे जीव फडक्यात अडकले, ते आपल्या घरी परत गेले पाहिजेत. या पाण्याला जिवाणी म्हणतात. ते वरून ओतायचंही नाही. दोरीनं तांब्या पार खाली सोडून अलगद कलंडायचा, जिवांना मार लागू नये म्हणून. दीपालीची सासू आक्काताई, म्हणजे तिच्या आत्ती, चव्वेचाळीस वर्षं हे करत होत्या. ताप असला तरी, पाहुणे असले तरी.

पण अकरा वर्षांपूर्वी घरात नळ आला होता. योजनेचं पाणी, थेट कृष्णेतून उचललेलं. आडाचं पाणी आता फक्त जनावरांना. आणि आत्ती नळाचं पाणी गाळून जिवाणी सोडत होत्या ती आडात!

त्या दिवशी दीपाली आडाशी जाऊन उभी राहिली. “आत्ती, एक इचारू?”

“इच्यार की.”

“पानी कृष्णेचं हाय. मग त्यातलं जीव आपुन आडात का सोडतोय?”

आत्तींच्या हातातली दोरी थांबली. तांब्या मध्येच लोंबकळत राहिला. त्यांनी आडात बघितलं, मग सुनेकडे बघितलं. “तुला दुसरा उद्योग न्हाई व्हय गं?” एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि पुढचे चार दिवस तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दीपालीचा जीव कानकोंडा झाला. म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेत नाक खुपसायला आपल्याला कुणी सांगितलं होतं? सांगितलं होतं, मॅडमनीच. पण मॅडम काही या घरात राहत नव्हत्या. तिनं हे सगळं लिहून काढलं, अबोल्यासकट, आणि शेवटी लिहिलं, “उत्तर मला मिळालं नाही.”

त्यातच निरोप आला. गुरुवारी पाच चाळीसला प्रत्येकानं आपलं लेखन वाचायचं, कॅमेरा चालू ठेवून. जो वाचणार नाही तो या विषयात नापास. पुन्हा संधी नाही.

आता ही मोठीच पंचाईत होती. चातुर्मास चालू होता. सूर्य मावळल्यावर आत्ती पाण्याचा घोटही घेत नसत आणि तेव्हा सूर्य सहा-सव्वासहाला मावळायचा. बागेत छाटणी चाललेली, दीपालीला घरी यायलाच पावणेपाच. हातपाय धुऊन चूल पेटवायची, की ताटात गरम भाकरी पडेपर्यंत पावणेसहा. म्हणजे वाचन आणि भाकरी यांची वेळ एकच. सकाळची भाकरी आत्तींना चावत नसे. जेवण लवकर उरकून घ्या म्हणायचं, तर त्या बोलत होत्या कुठं? पारसनं भाकरी थापायची तयारी दाखवली; त्यापेक्षा उपवास बरा, असं तीच म्हणाली. तेरा वर्षांत स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती भाकरीपायी जाणार, या विचारानं बुधवारी तिला बागेतच रडू आलं.

गुरुवारी ती धावतपळत घरी आली तर ओटा पुसून लख्ख, परात पालथी, आणि आत्ती पाटावर जपमाळ घेऊन बसलेल्या.

“आज माजा उपास हाय,” त्या म्हणाल्या. चार दिवसांतले पहिले शब्द.

“आज? आज तर षष्ठी हाय, आत्ती. तुमचा उपास अष्टमीला.”

“मग? षष्ठीला उपास क्येला तर कोन फाशी देतंय काय? पारस त्येचा डबा घिऊन बागंत गेलाय. तू बस तुज्या कालीजात. आन् त्याचा आवाज मोठा ठिव.”

दीपालीनं कानातला इयरफोन काढून टाकला, मोबाईल मसाल्याच्या डब्याजवळून उचलून खिडकीत ठेवला आणि पहिल्यांदाच कॅमेरा चालू केला. तिची पाळी आली तेव्हा ती वाचत गेली. आड, दोरी, मध्येच थांबलेला तांब्या, नळ, नदी. आत्तींची माळ कधी थांबली ते तिला कळलं नाही. “उत्तर मला मिळालं नाही,” हे वाक्य वाचून तिनं मान वर केली, तर स्क्रीनवर तिच्या शेजारी आणखी एक चेहरा होता.

“जयजिनेंद्र, बाई,” आत्ती मोबाईलला म्हणाल्या. “मी हिची सासू. ही म्हंती मी रागावले. मी रागावले न्हवते. मी इचार करत हुते.”

मॅडम पुढं सरकून बसल्या. “कसला विचार, आजी?”

“मला ह्यो परश्न अकरा वर्सांत कवा सुचला न्हाई, ह्याचा. कृष्णा म्हंजे माजं म्हायेर. मिरजेच्या पल्याड, ऐन काठावर घर हाय आमचं. म्हंजे ह्या पान्यातलं जीव माज्या म्हायेरचं निघालं की, बाई! आन् मी त्यांस्नी रोज तीनदा परक्या घरात सोडतीया.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आन् रातच्याला आठवलं, मलाबी तसंच सोडलंय. नऊ वर्सं झाली, म्हायेर बघितलं न्हाई. भाऊ बोलावतोय. पन मी गेल्यावर हितलं पानी कोन गाळनार, म्हनून जाते-जाते म्हनत ऱ्हायले. जिवाला आपल्या घरी पोचवायचं एवढं मी जपलं, आन् माजाच जीव इसरले बघा.”

दीपालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कॅमेरा चालू आहे याची तिला शुद्ध नव्हती.

“मग आता जिवाणी कुठं सोडणार?” मॅडमनी हळूच विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“त्येच ठरवाय पायजे,” आत्ती म्हणाल्या आणि माळ उचलून आत गेल्या.

पारस बागेतून आला तेव्हा आत्तींनी पिशवी भरून ठेवली होती. सगळं ऐकून तो डोकं खाजवत म्हणाला, “आगं आई, जिवानी लगेच सोडाय लागतीया. हितनं नदी चाळीस किलोमीटर. न्हेनार कशी तू?”

“न्हेतंय कोन? मीच तितं ऱ्हाते. तितलं पानी गाळीन, तितंच सोडीन. म्हयनाभर तरी माज्या हातनं चूक व्हनार न्हाई.”

“आन् हितलं?”

आत्तींनी खुंटीवरचं फडकं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. “तुजी बायकू परश्न इचारती. तू पानी गाळ.”

शनिवारी पारसनं त्यांना गाडीवरून माहेरी सोडलं. मॅडमनी सगळ्यांना लेखन सुधारून पाठवायला सोमवारपर्यंत मुदत दिली होती. रविवारी दुपारी दीपाली मोबाईल घेऊन आडाच्या कठड्यावर बसली. मागच्या दाराशी पारस फडकं उलटं करावं की सुलटं, या विचारात उभा होता. तिनं सगळं लेखन पुन्हा वाचलं, एक शब्द हलवला नाही. फक्त शेवटचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, “आत्ती माहेरी गेल्या आहेत.”