कोरडी होडी

मी एक जुनी शिडाची होडी आहे, चार माणसं जेमतेम बसतील एवढी. दिल्लीत, द्वारकेच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे.

माझा जन्म रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. माझे मालक खंडेराव नौदलात होते. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले, तेव्हा ट्रकमधून मलाही घेऊन आले. सुनेने, शिवांगीने विचारलं, "बाबा, हिला ठेवायचं कुठे?"

"तुमच्या दुसऱ्या गाडीच्या जागेवर. अजून घेतली नाहीत ना?"

पाण्यावर जायचं दरवर्षी ठरायचं आणि राहून जायचं. गेल्या हिवाळ्यात खंडेरावांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही गेलं. आता तोंडातून फक्त "हां, हां" येतं.

तेव्हा मुलाने, साकेतने ठरवलं, बाबांना एकदा तरी माझ्यातून फिरवायचं. हरियाणातल्या सोहन्याकडच्या तलावावर. तो ऑफिसात कम्प्युटरवर काम करणारा माणूस, सुतारकाम मोबाइलवर बघून शिकला. पण करतो मन लावून. सुकाणूचा नवा दांडा त्याने स्वतः तासला. आईच्या जुन्या पलंगाची लाकडं कापून बाबांना टेकायला पाठ केली. करवत वाकडी गेली की हळूच "सॉरी" म्हणतो.

सोसायटीचे सेक्रेटरी येता-जाता विचारतात, "साकेतजी, यमुना यहाँ तक आने वाली है क्या?"

"तैयारी रखनी चाहिए, सर."

मग तो माझ्या फटींकडे वळला. इथल्या कोरड्या उन्हाळ्यांनी माझ्या फळ्या आक्रसल्यात. खाडीवर अशा वेळी मला आधी पाण्यात बुडवून ठेवायचे. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी मिटतात. साकेतला हे ठाऊक नव्हतं. वाळल्यावर दगडासारखं होणारं भरण कालवून तो फटींत ठासू लागला. दोन फटी भरूनही झाल्या. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार, त्यांना सरकायला जागा नसणार, आणि मग फळीच फुटणार. तीही भर तलावात, एका हाताच्या म्हाताऱ्या माणसासकट.

खंडेराव शेजारी खुर्चीवर बसून "हां, हां" करायचे. साकेतला ती शाबासकी वाटायची. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा ग्लास माझ्यात उपडा केला.

"काय यार बाबा, लाकूड भिजवलंत," साकेत फडक्याने पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच कोपऱ्यात. मग रोजच. शिवांगी नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "त्यांना आता कळत नाही रे. खुर्ची जरा लांब ठेव."

खुर्ची लांब गेली. खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच, आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं.

मग साकेत भरण घेऊन त्या कोपऱ्याशी आला आणि थांबला. नखाने चाचपलं.

"शिवांगी, इथे फट होती ना?"

"मला काय विचारतोस? होडी तुझी."

बाबा रोज पाणी ओतायचे ती हीच जागा, हे त्याच्या लक्षात आलं. मग गाड्या धुवायचा पाइप घेऊन आला. "बाबा, पाणी घालायचं?"

"हां," खंडेराव म्हणाले. एकदाच.

पाणी माझ्यातून गळून सेक्रेटरींच्या गाडीखाली गेलं. साकेत रोज पुन्हा भरत राहिला. फळ्या फुगू लागल्या आणि एका सकाळी कट्ट आवाज झाला. ठासून भरलेल्या फटीशेजारच्या फळीला चीर गेली होती. साकेतने तिच्यावरून बोट फिरवलं. "तलावात झालं असतं तर," एवढंच म्हणाला आणि पटाशी घेऊन भरण खरवडायला बसला. खुर्ची परत जवळ आली.

आता चिरेवर आतून नवी फळी बसलीय. बाकी फटी मिटल्यात, फक्त सुकाणूजवळची एक झिरपतेय. तिच्यामुळे मला झोप नाही. आज साकेतने विचारलं, "बाबा, या रविवारी निघू या?"

खंडेरावांनी डाव्या हाताचं बोट त्या ओल्या फटीवर ठेवलं आणि मान हलवली. नाही.

मला न्यायच्या टेम्पोसकट सगळं ठरलेलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तेव्हा." आणि त्याने बाबांचा ग्लास भरून दिला.

तुमच्या घरात कुणी असं पाणी सांडत असेल, तर पुसण्याआधी ते कुठे सांडलंय, तेवढं बघा.