उंच चौकट

टेकूवाल्या म्हाताऱ्याने खाट फरफटत आणली आणि बरोबर बाहेरच्या दारासमोर टाकली.

"मामंजी, वाट अडते तिथं," सून आतल्या खोलीतून म्हणाली.

"अडू दे. येणारे धडधाकट आहेत. वळसा घालतील."

त्याला चौकट नजरेसमोर हवी होती. जन्मभर त्याने जमिनीखाली खाणीच्या छताला लाकडी टेकू दिले होते, तेही कंबरेत वाकून. म्हणून घर बांधताना त्याने बाहेरची आणि आतली, दोन्ही चौकटी मुद्दाम उंच ठेवल्या. सुतार हसला होता. "हत्ती पाळायचाय का?" निदान स्वतःच्या घरात तरी ताठ मानेने शिरू, एवढंच त्याच्या मनात होतं. तरीही पाळी संपवून आला की तो त्या चौकटीखाली वाकायचाच. खाणीतले सगळेच वाकायचे. अंगावरची काजळी साबणाने जाते. आपण वर आलोय हे मानेला मात्र फार उशिरा कळतं.

आज त्या मानेवरच त्याची सगळी भिस्त होती.

मोठी खाण बंद पडल्यावर एका ठेकेदाराने तिचं जुनं तोंड उघडलं आणि निम्म्या मजुरीवर माणसं मागितली. वस्तीतल्या पुरुषांनी हातावर हात मारून ठरवलं, कुणीही उतरायचं नाही. आज निम्म्यावर गेलो तर उद्या त्याच्याही निम्म्यावर बोलावतील. पण हल्ली संध्याकाळी भरलेले ट्रक फाटकातून बाहेर पडू लागले होते. कोळसा काही स्वतःच्या पायाने वर येत नाही. तेव्हापासून वस्तीत जो तो दुसऱ्याची नखं बघत होता. म्हाताऱ्याचा मुलगा कामाच्या शोधात शहरात गेला, तो तिकडचाच झाला होता. सून टाकाऊ दगडांच्या ढिगावरून कोळशाचे तुकडे वेचून विकायची, त्यावर चूल पेटायची.

ट्रक निघून गेले आणि म्हाताऱ्याने बोलावलेली माणसं येऊ लागली. आज जो चोरून खाणीत उतरला असेल, तो चौकटीखाली वाकणार होता.

पहिला आला दिवेवाला, खाणीत दिव्यांची खोली सांभाळणारा त्याचा जुना सोबती. ताठ आला. मागून खाणीतलाच ढोल्या.

"ह्याचं पोट आधी येतं, माणूस मागून," दिवेवाला म्हणाला.

"असू दे. उपासातसुद्धा टिकलंय, कौतुक कर," ढोल्या म्हणाला. तोही ताठच होता.

शेवटी खाणीच्या पाळण्याचं इंजिन चालवणारा इंजिनवाला आला. म्हाताऱ्याचा खरा संशय त्याच्यावर होता. त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. नव्या होत्या.

"चपला झकास आहेत," म्हातारा म्हणाला.

"मेव्हण्यानं दिल्या. त्याला आणून उभा करू का? आणि माझ्या डोक्याकडे काय बघताय? टक्कल आजचं नाही."

तोही न वाकता आत आला. म्हातारा खट्टू झाला. मग कोण?

"सापडू दे एकदा," ढोल्या मांडी ठोकत म्हणाला. "त्याच्या घरी लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. पोरांशी पोरांनी बोलायचं नाही."

"आणि त्याच्या दारात पहिला मी थुंकेन," म्हातारा म्हणाला. "मग तो..."

तो थांबला. कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सगळे त्याच्या खांद्यावरून मागे बघत होते. कपांचा किणकिणाट ऐकून तो वळला.

सून चहाचं ताट घेऊन आतल्या दारातून येत होती. मान खाली, खांदे आवळलेले, गुडघे जरासे मोडलेले. चौकट तिच्या डोक्यावर चांगली हातभर उंच होती. त्या चौकटीखालून ती तशीच वाकून बाहेर आली, अजून एक पाऊल तशीच चालली, आणि मग सावकाश सरळ झाली.

पुरुषांनी पुरुषांना शपथा घातल्या होत्या. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

तिला सगळ्यांच्या नजरा जाणवल्या. ती ताट घेऊन जागीच थांबली.

म्हाताऱ्याने घसा खाकरला. "माहेरची सवय," तो म्हणाला. "तिथलं दार बुटकं. इतकी वर्षं झाली, जात नाही."

दिवेवाला तिच्या लग्नात तिच्या माहेरी जेवून आला होता, तिथलं दार त्याने पाहिलं होतं. म्हाताऱ्याला ते आठवलं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते. दिवेवाल्याने ताटातला कप उचलला, फुंकर मारली.

"बुटकंच," तो म्हणाला. "मला टेंगूळ आलं होतं तिथं."

कुणी हसलं नाही. चहा गोड होता. बऱ्याच दिवसांत या घरच्या चहात साखर नव्हती.

"आमच्या हिलाही," ढोल्या कपात बघत म्हणाला, "हल्ली तशीच सवय लागलीय."

इंजिनवाल्याने उंबऱ्यापलीकडे हात लांबवला आणि नव्या चपला भिंतीच्या आडोशाला सारल्या.

माणसं गेल्यावर सून कप गोळा करत म्हणाली, "मामंजी, खाट इथंच ठेवू?"

"नको," म्हातारा उठत म्हणाला. "दुसरीकडून धर. भिंतीला लावू."